जन्माने मिळालेली फौज

राजघराण्यातला माणूस सेनापती झाला की आपण मनाशी ठरवूनच टाकतो, नाव याचं आणि डोकं दुसऱ्याचं. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीत हे बरंचसं खरंही होतं. फ्रान्समधल्या व्हर्दूनला पाचवी आर्मी कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, युवराजाकडे होती, पण शब्द चालायचा त्याच्या चीफ ऑफ स्टाफचा, म्हणजे लढाईचे बेत आखणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचा.

बव्हेरियाचा, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्याच एका राज्याचा, युवराज रुपरेख्त या हिशेबात बसत नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या लॉरेनमध्ये सहाव्या आर्मीचा प्रमुख. काम एवढंच, की समोरच्या फ्रेंचांना गुंतवून ठेवायचं. पण नुसतं थोपवून धरणं त्याला आणि त्याच्या चीफ ऑफ स्टाफला, क्राफ्टला, पटेना. वरून मोकळीक काढून २० ऑगस्ट १९१४ ला मोरांजजवळ त्यांनी प्रतिहल्ला केला आणि फ्रेंच मागे हटले. मोठा विजय. फक्त हटलेले फ्रेंच आपल्याच किल्ल्यांच्या आडोशाला गेले. तिथून त्यांना थोडं सैन्य पश्चिमेला हलवता आलं आणि इकडे नान्सी या फ्रेंच शहरासमोर रुपरेख्तची डाळ शिजली नाही. त्याच महिन्यात त्याचा १३ वर्षांचा मोठा मुलगा पोलिओने गेला. बायको दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

(मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला ब्रिटिशांच्या बाजूने आपले भारतीय जवान लढले, ते याच सहाव्या आर्मीशी. पाठ्यपुस्तकात मी तरी हे वाचलेलं नाही.)

१९१६ मध्ये तो फील्ड मार्शल झाला आणि उत्तरेकडचा अख्खा आर्मी ग्रुप, म्हणजे अनेक आर्मींचा गट, त्याच्या हाताखाली आला. माझं घोडं अडतं ते यानंतर. १९१७ च्या सुरुवातीला मागे बांधलेल्या हिंडेनबुर्ग या तटबंदीच्या रेषेवर माघार घेताना गावं उद्ध्वस्त करायची, विहिरी निकामी करायच्या, फळझाडं तोडायची असा बेत होता. रुपरेख्तला हे किळसवाणं वाटलं, राजीनामाही द्यायचा होता. पण बव्हेरिया आणि बर्लिन यांच्यात फूट दिसेल म्हणून तो राहिला. गावं जायची ती गेलीच.

१९१८ च्या वसंतातल्या हल्ल्याचंही तेच. नेमकं गाठायचं काय, असं त्याने विचारल्यावर जर्मन सैन्याची सूत्रं हलवणाऱ्या लुडेनडॉर्फने सांगितलं, आधी भोक पाडू, पुढचं पुढे. यावर रुपरेख्तने डायरीत नोंद केली. आणि हल्ला केला.

त्याचे चाहते या डायऱ्या त्याच्या शहाणपणाचा पुरावा म्हणून दाखवतात. मला त्यांचा अर्थ उलटा वाटतो. ज्याला दिसतच नाही, त्याला मी एक वेळ माफ करेन. याला सगळं दिसत होतं, आणि तो काही पेन्शनवर जगणारा कर्नल नव्हता. गादीचा वारस होता. तो घरी गेला असता तर बव्हेरियाच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, प्रश्न विचारले गेले असते.

नाझींपुढे तो पुढे झुकला नाही, त्याची दुसरी बायको आणि मुलं छळछावण्यांतून गेली, हेही खरं. त्याबद्दल आदर आहेच. पण तो हिशेब वेगळा.

हिवाळ्यापर्यंत तग धरू असं आता वाटत नाही, हे त्याने पुढे जर्मनीचा चान्सलर झालेल्या प्रिन्स माक्स फॉन बाडेनला कळवलं ते १५ ऑगस्ट १९१८ ला. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला. मधले जवळजवळ तीन महिने त्याचा आर्मी ग्रुप लढतच होता.