अडीच सेकंद तरी द्या त्याला

परवा एका ग्रुपवर परत तोच वाद, सिनसिनाटी बेंगल्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक जो बरो, हा खरंच भारी आहे की नुसतं कौतुक. त्यात एकाने लिहिलं की हा माणूस सारखा सॅक होतो, सारखा दुखापतीने बाहेर असतो, याच्यावर एवढे पैसे कशाला ओतलेत. मी तिथेच उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं आपल्या वॉलवरच टाकूया. सिनसिनाटीला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं हा खेळ मला अजिबात कळत नव्हता, आता घरातलाच मुलगा शाळेच्या टीममधून खेळतो, त्यामुळे शुक्रवार त्याचा आणि रविवार बेंगल्सचा. या विषयावर मला मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून बॉल फेकला जातो तो, टीव्हीवर सगळा वेळ ज्याचं तोंड दाखवतात तो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं असतात, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. यांना ऑफेन्सिव्ह लाईन म्हणतात. हे बॉल फेकत नाहीत, झेलत नाहीत, पास टाकायचा असतो तेव्हा यांचं काम एकच, समोरून अंगावर येणाऱ्या चार जणांना (कधी पाच, कधी सहा) आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही. किती वेळ? साधारण अडीच, फार तर पावणेतीन सेकंद. एवढ्यात त्याने मागे सरकायचं, समोरचा डिफेन्स काय करतोय ते ओळखायचं, पहिला रिसीव्हर (म्हणजे पुढे पळत जाऊन बॉल झेलणारा) बघायचा, तो अडकला असेल तर दुसरा, मग तिसरा, पाय रोवायचे आणि फेकायचं. बॉल हातात असतानाच त्याला पाडलं की तो सॅक, आणि स्कोअरबुकात तो सॅक लागतो क्वार्टरबॅकच्या नावावर. ज्याच्या बगलेतून समोरचा माणूस निसटला त्याच्या नावावर काहीच लागत नाही.

आता डेव्हिड कार बघा. २००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स ही टीम नव्याने सुरू झाली आणि त्यांनी ड्राफ्टमध्ये (म्हणजे टीम्स ओळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्याच नंबरला हा मुलगा उचलला. लाईन सांभाळायला टोनी बोसेली नावाचा नावाजलेला टॅकल घेतला होता, पण त्याचा खांदा काही बरा झाला नाही आणि तो टेक्सन्सकडून एकही मॅच खेळला नाही. पहिल्या मॅचमध्ये डॅलसला हरवलं, सगळं शहर खूश. आणि त्याच सीझनमध्ये कार ७६ वेळा सॅक झाला. शहात्तर! एका सीझनमधला तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. २००५ मध्ये परत ६८. टेक्सन्सकडे पाच सीझन काढले त्यात एकूण २४९ वेळा पाडला त्याला. आणि आज त्याचं नाव कुठे येतं, तर फुकट गेलेल्या पहिल्या नंबरांच्या यादीत. एवढ्या वेळा जमिनीवर आपटल्यावर कुठला माणूस तिसरा रिसीव्हर शोधत शांत उभा राहील हो? त्या पोराला फेकता येत होतं की नाही हे आपल्याला धड कळलंच नाही, कारण कळण्याइतका वेळ त्याला कधी मिळालाच नाही.

दरवेळी लोक म्हणतात की खरा ग्रेट असेल तर लाईन कशीही असो, तो मार्ग काढतोच. बरं, मग पॅट्रिक महोम्सचं घेऊ, या पिढीतला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक तोच हे त्याचे विरोधकही मान्य करतील. ७ फेब्रुवारी २०२१, टँपाचा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, आणि त्याच्या कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर. महोम्स सबंध मॅच जिवाच्या आकांताने पळत होता, आडवा पडता पडता बॉल फेकत होता, आणि चीफ्स ३१-९ हरले, एकही टचडाऊन (बॉल पार समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) नाही. महोम्स तोच, कोच तोच, रिसीव्हर तेच, बदलली होती ती फक्त पुढची माणसं. चीफ्सनी त्यानंतर जवळजवळ अख्खी लाईन नवीन उभी केली, जो थूनी नावाचा गार्ड आणला, क्रीड हम्फ्री नावाचा सेंटर ड्राफ्ट केला. दोन वर्षांनी फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध सुपर बोल, ज्या ईगल्सनी त्या सीझनमध्ये ७० सॅक केले होते त्यांना त्या रात्री एकही सॅक मिळाला नाही, आणि चीफ्स ३८-३५ जिंकले. आणि २०२५ मध्ये परत ईगल्सच समोर. यावेळी डाव्या टॅकलची जागा भरायला मुळात गार्ड असलेल्या थूनीला तिथे उभं करावं लागलं होतं. ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जादा माणसं पाठवायची त्यांना गरजच पडली नाही, चारच जणांनी सहा सॅक काढले. हाफटाईमला ईगल्स २४-० ने पुढे होते, शेवटी ४०-२२ ने जिंकले. एकाच माणसाची तीन रूपं बघितली आपण, आणि तिन्ही वेळा गोष्ट ठरली ती त्याच्या पुढे.

आता आमचा बरो. २०२० चा पहिला नंबर. पहिल्याच वर्षी दहा मॅचमध्ये ३२ सॅक, आणि दहाव्या मॅचमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध दोन बाजूंनी दोघं अंगावर आले आणि गुडघा गेला, आतले एसीएल आणि एमसीएल दोन्ही लिगामेंट. पुढच्या ड्राफ्टला अर्धं सिनसिनाटी म्हणत होतं की आता तरी पेनेई स्यूएलला घ्या, लाईन भक्कम करा, पण टीमने पाचव्या नंबरला जमार चेस घेतला आणि स्यूएल सातव्या नंबरला डेट्रॉईटला गेला. चेसला घेतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही, चेस म्हणजे चेस आहे. पण लाईन तशीच राहिली. २०२१ च्या सीझनमध्ये बरो ५१ वेळा सॅक झाला आणि तरीही पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत तो लीगमध्ये पहिला होता, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे तो काय चीज आहे ते कळेल. टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (म्हणजे बाद फेरीत) नऊ वेळा पाडला, नऊ वेळा उठला, आणि १९-१६ जिंकवून दिली.

आणि मग १३ फेब्रुवारी २०२२, लॉस एंजेलिसचा सुपर बोल. आमच्या मित्रांच्या बेसमेंटमध्ये तीस-पस्तीस माणसं, बटाटेवड्याचा घाणा चालू, दुसऱ्या हाफच्या पहिल्याच प्लेला टी हिगिन्सचा ७५ यार्डांचा टचडाऊन झाला तेव्हा वरच्या मजल्यावर झोपलेलं लहान मूल उठून रडायला लागलं इतका आरडाओरडा. त्यानंतर हळूहळू आवाज कमी होत गेला. सॅक, परत सॅक, परत सॅक. एकूण सात झाले त्या रात्री. शेवटी आम्ही २३-२० ने मागे, एक मिनिटही उरलेलं नाही, चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, फक्त एक यार्ड हवंय. बॉल निघाला आणि समोरच्या रॅम्सचा अॅरन डोनाल्ड मधून असा काही घुसला की बरोचा खांदा वळायच्या आत त्याच्या कमरेला मिठी बसली होती, त्याने गरकन फिरत कसाबसा बॉल सोडला आणि तो जमिनीवर पडला. संपलं. रिप्लेमध्ये दिसलं की पलीकडे चेस सुटला होता, त्याच्यावरचा माणूस पडला होता. आणखी एक सेकंद, अहो एकच. मी ती प्ले आजपर्यंत निदान पन्नास वेळा बघितली असेल आणि दरवेळी माझा हात आपोआप तोंडावर जातो.

वर्षभराने लाईनवर खर्च केला, नवीन माणसं आणली, तर कॅन्सस सिटीविरुद्धच्या प्लेऑफच्या मॅचला पाचातले तीन दुखापतीने बाहेर. पाच सॅक, आणि परत २३-२० ने हरलो. २०२५ मध्ये सीझनच्या दुसऱ्याच मॅचला परत सॅक आणि पायाचा अंगठा दुखावला, थेट थँक्सगिव्हिंगला परत आला. यावर लोक त्याला म्हणणार की हा नाजूक आहे! भिंतीवर रोज हातोडा मारायचा आणि भिंत तडकली की गवंड्याला नाही, भिंतीलाच शिव्या द्यायच्या.

आता एक गोष्ट मलाही मान्य आहे, सगळे सॅक लाईनचे नसतात. काही क्वार्टरबॅक बॉल फार वेळ धरून ठेवतात, बरोसुद्धा कधीकधी मोठ्या पासच्या मोहात थांबतो. याउलट डॅन मरीनोचा बॉल इतका पटकन हातातून सुटायचा की १९८८ मध्ये सहाशेहून जास्त पास टाकून तो फक्त सहा वेळा सॅक झाला. पण सगळेच मरीनो नसतात. आणि सतत घाईने फेकायचं म्हटलं की लांबचे पास संपले, मग डिफेन्स पुढे येऊन बसतो, मग छोटे पासही मिळत नाहीत.

आणि जे आकड्यात येत नाही ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझा मुलगा राईट गार्ड खेळतो. गेल्या वर्षीची एक मॅच, समोरच्यांनी स्टंट टाकला, म्हणजे आतला माणूस बाहेर पळतो, बाहेरचा त्याच्या मागून वळसा घालून आत घुसतो. गार्डने अशावेळी आपला माणूस शेजारच्या टॅकलच्या हवाली करायचा आणि आत येणाऱ्याला घ्यायचं. माझा मुलगा आपल्याच माणसामागे बाहेर गेला. मध्ये अख्खं दार उघडं. क्वार्टरबॅकचं तोंड दुसरीकडे होतं, त्याला कळलंच नाही, आवाज स्टँडपर्यंत आला. हेल्मेटची जाळी मातीने भरली होती, त्याने बोट घालून ती माती काढली आणि उभा राहिला. पुढच्या दोन ड्राईव्हमध्ये (म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या सलग प्लेंमध्ये) आणखी दोनदा पडला. त्यानंतरची प्ले मी विसरू शकत नाही, लाईनने व्यवस्थित धरलं होतं, आसपास कुणीही नव्हतं, मधून एक रिसीव्हर मोकळा पळत होता, आणि त्या पोराची नजर खालीच. रिसीव्हर बघायचे सोडून तो समोरच्या माणसांचे पाय बघत होता. न आलेल्या माणसाला चुकवून तो पळाला आणि बाहेर गेला. स्टँडमधून लोक ओरडत होते, अरे फेक ना, दिसत नाही का. घरी येताना गाडीत मुलगा कितीतरी वेळ काही बोलला नाही, हायवेला लागल्यावर म्हणाला, "आई, पहिला माझा होता. लोक त्याला ओरडले, पण तो माझा होता."

अँड्र्यू लकचं मला म्हणूनच फार लागतं. इथून दोन तासांवर इंडियानापोलिस, तिथल्या टीमचा तो क्वार्टरबॅक. पहिली कित्येक वर्षं त्या माणसाने मार खाल्ला, बरगड्या, किडनीला जखम, खांदा, २०१७ चा अख्खा सीझन गेला. २०१८ मध्ये टीमने पहिल्या फेरीत क्वेन्टन नेल्सन नावाचा गार्ड घेतला, लाईन सुधारली, सबंध सीझनमध्ये फक्त १८ सॅक, आणि लकने ३९ टचडाऊन टाकले. म्हणजे खेळ होताच त्याच्यात! पण शरीराचा हिशोब आधीच झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याने रिटायरमेंट घेतली आणि मैदानातून जाताना त्याच्याच शहरातल्या लोकांनी त्याला हुर्यो केली. तो व्हिडिओ मला पूर्ण बघवत नाही.

माझे वडील कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. दोन वर्षांपूर्वी ते इथे आले होते तेव्हा नातवाच्या मॅचला घेऊन गेलो. नियम कसलेच माहीत नव्हते, बॉल कुठाय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या-चौथ्या प्लेला मला म्हणाले, "पोराची कंबर वर हाय बघ. असा उभा राह्यला तर समोरचा उचलून टाकंल." घरी आल्यावर बॅकयार्डमध्ये त्याला गुडघे वाकवून उभं केलं, स्वतः समोर पवित्रा घेऊन उभे राहिले, वय वर्षं शहात्तर, आणि छातीवर तळवा ठेवून म्हणाले, "आता ढकल की रं." मुलगा म्हणाला, "आबा, सेम टू सेम आमचे कोच सांगतात." त्यानंतर आजतागायत दर शनिवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, कंबर खाली होती का?

गेल्या वर्षीच्या त्या स्टंटवाल्या मॅचनंतरच्या शुक्रवारी परत एकदा स्टंट आला. मी आता तेवढंच बघते, मुलाचा ६४ नंबर. आतला माणूस बाहेर पळाला, मुलाने त्याला खांद्याने टॅकलकडे ढकललं, कंबर खाली, आणि आत वळलेल्याला छातीवर घेतलं. एक पाय मागे सरकला, दुसरा सरकला, पण तो हलला नाही. सगळं स्टँड उभं राहून ओरडायला लागलं, स्पीकरवर क्वार्टरबॅकचं आणि रिसीव्हरचं नाव घेतलं. बॉल कुठे गेला ते मला शेजारच्या बाईंना विचारावं लागलं.