दोनच कापून द्या

पाऊस उघडला, गणपती गेले की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सर्दी-तापाच्या गिऱ्हाइकांचं एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं. 'भाऊ, ती पाचशेची ॲझी द्या. अख्खं पाकीट नको, दोनच कापून द्या.' (ॲझी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन, बॅक्टेरियावर चालणारं ॲंटिबायोटिक. पाचशे म्हणजे मिलिग्रॅम.) चिठ्ठी? 'मागच्या वेळी डॉक्टरांनी हीच दिली होती की!'

नाही म्हटलं की मी माजलोय. पुढच्या दुकानात मिळते, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

आज लिहितोच. टायफॉइड, लेप्टो, टीबी हे बॅक्टेरियाचे आजार. सर्दी, फ्लू, डेंग्यू व्हायरसचे. बॅक्टेरियाचा संसार स्वतंत्र असतो, स्वतःची भिंत, स्वतःची चूल. पेनिसिलिन ती भिंत उभी राहू देत नाही, ॲझी चूल विझवते. व्हायरसकडे भिंतही नाही, चूलही नाही. तो आपल्याच पेशीत घुसून आपल्याच तव्यावर स्वतःच्या भाकऱ्या भाजून घेतो. मग गोळी मारणार कुणाला? पोटातल्या कामाच्या बॅक्टेरियांना. म्हणून तर कधीकधी तेच गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी जुलाबाची गोळी मागायला येतं. (तीही मीच विकतो. धंदा माझाच होतो, तरी सांगतोय.)

जुनी माणसं दोन साथींची नावं घ्यायची. १८९६ला मुंबईत शिरलेला गाठीचा प्लेग आणि १९१८ची मानमोडी. घरातून तिरडी उठायची ती दोन्हींत सारखीच. पण प्लेग बॅक्टेरियाचा, आज वेळेत ॲंटिबायोटिक मिळालं तर माणूस वाचतो. मानमोडी म्हणजे फ्लू, त्या व्हायरसला ॲंटिबायोटिक आजही शिवत नाही. यातही एक मेख आहे. मानमोडीत बरेच जण गेले ते फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाने. म्हणून व्हायरलनंतरही डॉक्टर कधी ॲंटिबायोटिक देतात, पण छाती तपासून. ते ठरवणं माझं काम नाही, आणि व्हॉट्सॲपवरच्या मावशींचं तर नाहीच नाही.

आणि 'दोनच' का नको? अर्धवट डोसात लेचेपेचे बॅक्टेरिया मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेलच्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता.

काल एका काकूंना पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवली. म्हटलं, काकू, ही रेघ असली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं.

काकू म्हणाल्या, 'अगं बाई! मला वाटलं, तिथून कापायचं असतं.'