तोंडाला फेस

नोकरीने, गृहकर्जाने आणि धाकट्याच्या गणिताने माझ्या तोंडाला आजवर अनेकदा फेस आणला आहे. पण ज्या दिवशी तो खरोखर हवा होता, त्या दिवशी काही केल्या येईना.

झालं असं, की चाळिशीत मला वस्तऱ्याने दाढी करायची हौस आली. वस्तरा आणला, तो परजायला चामड्याचा पट्टा आणला. घरात सगळ्यांना धास्ती पात्याची. बायकोने कापूस आणि तुरटी आधीच काढून ठेवली. फेसाची काळजी कुणालाच नव्हती. डबा दाबला की फेस, एवढंच माझं ज्ञान. पण वस्तऱ्याला तो फुसका कापूस चालत नाही; पातं सरकायला ओला, दाट, निसरडा थर लागतो.

पहिल्या दिवशी निथळता ब्रश थेट साबणाच्या वडीवर फिरवला. भांडी घासताना येतात तसे टपोरे बुडबुडे आले आणि गालावरून ओघळून बनियनवर उतरले. दुसऱ्या दिवशी ब्रश कोरडाठाक होईपर्यंत झटकला. आता फेस झाला भिंतीच्या पुट्टीसारखा. त्यात डोक्यावर पंखा! नवशिक्याचा हात गोगलगायीचा. डावा गाल होईपर्यंत उजव्यावर पापड वाळला.

तिसऱ्या दिवशी आई डोकावली. "अरे, पाणी थेंबाथेंबाने घाल. चक्का फेटताना दूध घालतोस का एकदम भडाभडा?" उभ्या जन्मात वस्तरा हातात न धरलेल्या बाईला हे कळावं आणि रात्र रात्र व्हिडिओ पाहिलेल्या मला कळू नये! ब्रश भिजवायचा, हलकेच झटकायचा, अर्धा-एक मिनिट वडीवर फिरवायचा. मग वाटीत घोळवायचा, चार थेंब पाणी, पुन्हा घोळवणं, पुन्हा थेंब. बुडबुडे दिसेनासे झाले, वर चकाकी आली आणि ब्रश उचलल्यावर शेंडी उभी राहिली, की जमलं. श्रीखंडापेक्षा सैल, मठ्ठ्यापेक्षा दाट.

एवढं करूनही पाच मिनिटांत फेस बसायचा. चोर निघाला टँकर! आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी चिकट साका करतं. बादलीला आतून बसणारं ते पांढरट कडं मी वर्षानुवर्षं बायकोच्या घासण्यावर ढकलत होतो. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

चौथ्या दिवशी आरओ फिल्टरच्या पाण्याचा तांब्या गुपचूप न्हाणीत नेला. काय फेस आला म्हणून सांगू! सायच. गरम पाण्याने दाढी भिजवली, फेस चोपडला, कातडी ताणली, पातं तीस अंशांत तिरकं धरलं आणि केसांच्या कलाने दोन्ही गाल उतरवले. हनुवटीच्या वाटेला गेलो नाही. तिथे अजून जुन्या रेझरचं राज्य आहे.

दुसऱ्यांदा फेस लावतो न लावतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "पिण्याच्या पाण्याचा तांब्या कुठे गेला?"

मी ब्रश ओठांवरून आणखी दोनदा फिरवला. तोंडभर फेस असलेल्या माणसाला बोलता येत नाही.