भरभर श्वास घेतल्याने डोळ्याचं रक्त वाढत नाही, घटतं

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: रोज 15 मिनिटं भरभर, खोल श्वास घ्या. कार्बन डायऑक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो, डोळ्याच्या पडद्याला (रेटिना) ऑक्सिजन आणि रक्त जास्त मिळतं, चष्मा उतरतो, काचबिंदू बरा होतो. प्राणायामाशी आमचं भांडण नाही. पण यातलं शरीरशास्त्र उलटं आहे, आणि काचबिंदूच्या रुग्णाने त्यावर विसंबून औषध सोडलं तर गेलेली नजर परत येत नाही.

"कार्बन डायऑक्साइड म्हणजे विष."

धमनीतल्या रक्तात त्याचा दाब 35 ते 45 मिमी पारा असावाच लागतो. तो वाढला की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूभोवती आम्लता वाढते, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. घटला की वाहिनी आवळते. मेंदूत दर 1 मिमी घटीमागे रक्तप्रवाह साधारण 3 टक्क्यांनी उतरतो. डोळ्याचा पडदा घडणीने मेंदूचाच भाग आहे, त्याच्या वाहिन्याही तशाच वागतात. पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर म्हणजे कोरॉइड, ज्यातून डोळ्याचं बहुतेक रक्त वाहतं, तोही याला अपवाद नाही.

"भरभर श्वासाने रक्तपुरवठा वाढतो."

हिशोब मांडून पाहा. शांत बसलेला माणूस मिनिटाला 12 ते 15 वेळा, दर खेपेला अर्धा लिटर, म्हणजे 6-7 लिटर हवा घेतो. दीड लिटरचे 30 श्वास घेतले तर 45 लिटर होतात. शरीरात कार्बन डायऑक्साइड मात्र पूर्वीच्याच वेगाने तयार होत असतो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांतच त्याचा दाब 40 वरून 20-25 पर्यंत येऊ शकतो. मग ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. याला "ऊर्जा जागी झाली" म्हणतात, पण रक्तातली आम्लता उतरल्याने मोकळं कॅल्शियम प्रथिनाला चिकटून कमी पडतं, म्हणून मुंग्या येतात. अंधारी येते ती रक्त कमी पोचल्याने. शिवाय अशा रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. एकीकडे रक्त कमी, दुसरीकडे त्यातला ऑक्सिजन सुटायला कठीण.

मुंग्या सुरू झाल्या की थांबा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

"ऑक्सिजन भरतो."

निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. उरलेल्या जागेत कितीसा मावणार? आणि शुद्ध ऑक्सिजन दिला तर पडद्याच्या वाहिन्या उलट आवळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बेसुमार ऑक्सिजन दिल्याने त्यांचे पडदे खराब होतात, हा संबंध 1951 मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी दाखवून दिला. म्हणूनच आज नवजात कक्षात ऑक्सिजन मोजूनमापून देतात.

"चष्मा उतरतो."

नंबर ठरतो बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाच्या (कॉर्निया) वक्रतेवर, भिंगावर आणि डोळ्याच्या लांबीवर. श्वासाने यातलं काहीही बदलत नाही.

"काचबिंदू बरा होतो."

काचबिंदूत सिद्ध झालेला उपाय एकच: डोळ्यातला दाब उतरवणं, थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने. संथ श्वसन करायला हरकत नाही. शीर्षासन मात्र नको, त्यात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. श्वास कोंडून जोर लावणंही टाळा. त्याने दाब चढतोच, कधी पडद्यावरची केशवाहिनी फुटून नजरेच्या मधोमध डागही येतो.

याच मजकुराची उलटी आवृत्तीही दिसते: अचानक दिसेनासं झालं तर कागदी पिशवीत श्वास घ्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढून वाहिनी उघडेल. कल्पना जुनी आहे. 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण डॉक्टरही देत असत, पण त्याने नजर परत येते असं सिद्ध झालं नाही. पिशवीत तर ऑक्सिजनही घटत जातो. एका डोळ्याची नजर न दुखता अचानक गेली तर तो पडद्याचा पक्षाघात, म्हणजे त्याची रक्तवाहिनी बंद पडणं, समजा. पडदा काही तासच तग धरतो. पिशवी शोधत बसू नका, पक्षाघातावर उपचार होणारं मोठं रुग्णालय गाठा आणि नजर नेमकी किती वाजता गेली ते तिथे सांगा.