ह्यात भूत कुठंय?

पुन्हा तेच! शनिवारी रात्री सायकॉलॉजिकल थ्रिलर, म्हणजे मनाशी खेळणारा थरारपट, लावला की आमच्या मावसभावाची टकळी सुरू: “ह्यात भूत कुठंय? हा हॉरर नाहीच.” अरे बाबा, दिग्दर्शक हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’ ह्या गाजलेल्या हॉररमध्ये तरी कुठं भूत होतं? शॉवरचा पडदा, सुरी, बस्स. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ला १९९२ साली पाच ऑस्कर मिळाली, म्हणून तो म्हणे थ्रिलर. बक्षीस मिळालं की खातं बदलतं वाटतं! पांढऱ्या साडीतली बाई दिसली की हा पठ्ठ्या खिदळतो, पण तो हॉरर. आणि परवा ह्या ‘हॉरर नसलेल्या’ सिनेमानंतर बाथरूमला जाताना पॅसेजचा दिवा लावून मलाच म्हणतो, “दादा, दाराशी थांब ना जरा.”