वजन परत वाढलंय? मग पहिल्या वेळचा तो उत्साह यायची वाट बघू नका

ज्यांनी एकदा चांगलं घसघशीत वजन उतरवलं होतं आणि आता ते परत आलंय, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. थोडी मोठी झालीये पण वाचा.

पहिल्यांदा वजन कमी करणाऱ्यांसाठी ढीगभर माहिती आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, डॉ. दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत करणारे आहेत, ऋजुता दिवेकरांचं ऐकून बिनधास्त वरणभात-तूप खाणारे आहेत, प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी आहे. पण एकदा उतरवून परत वाढलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही आणि तो माणूस पण गप्प होतो, लग्नकार्यात ग्रुप फोटो निघायला लागला की मागे जाऊन उभा राहतो, जुन्या ओळखीचं कुणी समोर दिसलं की रस्ता बदलतो. मी त्यातलीच एक. ८४ वरून ६९ किलोवर आले होते, दीड-दोन वर्षं टिकलं पण होतं, मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नाशिक-धुळे येणं जाणं, हॉस्पिटलमधल्या रात्री, आणि त्या सगळ्यात वजन परत ८० च्या पुढे. आता परत सुरू केलंय.

मला जे सांगायचंय ते असं की पहिल्या वेळी जो उत्साह होता ना, तो दुसऱ्या वेळी येत नाही, आणि तो न आल्यामुळे काही अडत पण नाही. पण आपण त्याचीच वाट बघत बसतो, "मनातून येऊ दे मग सुरू करते", "दिवाळी झाली की", "पोरांच्या परीक्षा झाल्या की", आणि त्यात वर्ष निघून जातं.

पहिल्या वेळी उत्साह कुठून येतो ते बघा. पहिल्या आठवड्यात काटा एकदम दोन किलो खाली येतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं, शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, खाणं कमी केलं की साठा उतरतो आणि पाणी पण जातं. पण आपल्याला ते कुठं माहीत असतं, आपल्याला वाटतं चरबीच वितळली. मग ब्लाउज सैल होतात, शेजारच्या वहिनी विचारतात "काय करतेस गं?", ऑफिसात तीनदा कौतुक होतं. त्या कौतुकावर सहा महिने सहज निघतात. दुसऱ्या वेळी यातलं काहीच नसतं. चार किलो कमी झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लोकांच्या डोक्यात तुमचा तो सगळ्यात बारीक असतानाचा फोटो बसलेला असतो. उलट ऐकायला मिळतं, "अगं केवढी छान बारीक झाली होतीस, काय झालं मग?"

नातेवाईकांना इथे हात जोडून सांगते. हे वाक्य बोलणं बंद करा. काळजी म्हणून बोलता हे मला मान्य आहे, पण ज्या बाईने सकाळी आरशात बघून स्वतःला हेच ऐकवलंय तिला हळदीकुंकवात चार जणींसमोर परत ऐकवून काय मिळतं? ती घरी जाऊन चालायला लागत नाही, ती पुढच्या हळदीकुंकवाला यायचं टाळते. मी अशा किती तरी जणी बघितल्यात.

आणि हे सगळं मनाच्या कमकुवतपणामुळे होतं हा जो समज आहे तो धडधडीत चुकीचा आहे. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधल्या संशोधकांनी एक अभ्यास छापला, ५० लोकांना दहा आठवडे एकदम कमी कॅलरीचं खाणं दिलं, वजन उतरलं, आणि मग एक वर्षानंतर परत रक्त तपासलं तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन अजून वरच होतं आणि पोट भरल्याचा, साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन अजून खाली होतं. एक वर्षानंतर! म्हणजे माणूस डाएट विसरला तरी शरीर विसरलेलं नसतं. अमेरिकेत 'बिगेस्ट लूझर' नावाची टीव्हीवरची स्पर्धा होती, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ साली ते छापून आलं. सरासरी ५८ किलो उतरवलेले लोक, त्यातले ४१ किलो परत आलेले, आणि तरीही त्यांचं शरीर त्यांच्या आकाराच्या माणसाने जेवढ्या कॅलरी जाळायला पाहिजेत त्यापेक्षा दिवसाला ५०० च्या आसपास कमी जाळत होतं. १९७२ चा दुष्काळ बघितलेल्या बाया कशा, पुढे घरात पोती भरलेली असली तरी एका डब्यात धान्य मागे ठेवायच्याच, तसं शरीर करतं.

हे वाचून काही जणांना वाटतं की मग कशाला खटाटोप, परत वाढणारच आहे. मला उलट वाटलं. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं झालं, कारण रात्री अकराला लागणारी ती भूक म्हणजे माझ्यात काही खोट आहे असं नव्हतं. भूक खरी होती. मग तिच्यासाठी तयारी करता येते, आणि सारखा स्वतःवर राग काढत बसण्यापेक्षा ते किती तरी बरं.

दुसरी गोष्ट, पहिल्या वेळचे कष्ट वाया गेले असं कृपा करून म्हणू नका. अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचा निकाल आला. खाण्यात बदल, आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि सात टक्के वजन कमी करायचं ध्येय, एवढ्यावर साधारण तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दहा वर्षांनी बघितलं तर या लोकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं होतं, तरी सुरुवातीपासूनचा हिशेब धरला तर त्यांच्यात डायबेटिसचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं. म्हणजे वजन परत आलं तरी फायदा पुसला गेला नाही. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा असाच अभ्यास आहे, २००६ चा, त्यात तर वजन फारसं हललंच नाही तरी खाण्या-चालण्यातल्या बदलाने डायबेटिसचं प्रमाण २८ टक्क्यांच्या वर कमी झालं. ज्यांच्या घरात आईला साखर, मामाला साखर, आजोबांना साखर असं आहे त्यांनी हे नीट वाचा, काट्यावर काही दिसत नसलं तरी आत काहीतरी होत असतं.

आणि गुडघे. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजलेलं आहे. आईचं ऑपरेशन जवळून बघितल्यावर, तो वॉकर, ती फिजिओथेरपी, रात्रीचं कण्हणं, माझ्यासाठी हा आकडा साडीच्या फोटोपेक्षा फार मोठा आहे. पहिल्या वेळी भावाचं लग्न हे कारण होतं, लग्न झालं आणि कारण संपलं. लग्न, रियुनियन, गोव्याची ट्रिप ही सगळी तारीख असलेली कारणं आहेत, तारीख गेली की त्यांच्यात जीव राहत नाही. गुडघ्याला तारीख नाही.

आता मी काय करतीये ते सांगते, सगळ्यांना जमेल असं नाही. सकाळी चालायला जाते, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, रविवारी जमलं तर पांडवलेणीच्या पायऱ्या. इच्छा आहे का असं स्वतःला विचारत नाही, बूट दाराशी असतात, चहाच्या आधी बाहेर पडायचं, बस. आपण दात घासताना मूड बघतो का? पण फक्त चालून भागत नाही हे या वेळी कळलं. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि वजन परत येताना मुख्यतः चरबी होऊन येतं, म्हणजे काट्यावर तोच आकडा पण आत माल वेगळा. आपल्या लोकांचं तर मुळातच असं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून मी आता काट्याबरोबर टेप पण ठेवते, बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हे आपल्याकडचं माप आहे. आणि आठवड्यातून तीनदा घरीच डंबेल, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुश-अप. जेवणात रोज उसळ किंवा अंडी किंवा पनीर, ताक. भाकरी आहे, भात पण आहे, थोडा.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती बायकांना लगेच कळेल. घरात उरलेलं अन्न. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात दोन चमचे भाजी उरते, एक पोळी उरते, पोराच्या ताटात अर्धा भात, आणि लहानपणापासून शिकवलंय की अन्न टाकायचं नाही. ते सगळं कुणाच्या पोटात जातं? सकाळी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, तो पण आधी घरातल्या बाईच्याच ताटात. डाएट प्लॅन देणाऱ्यांच्या कागदावर हा रकाना मी कधी बघितला नाही. पहिल्या वेळी घरचे सांभाळून घेतात, दुसऱ्या वेळी सगळे कंटाळलेले असतात, "आता परत तुझं सुरू झालं का?" म्हणतात. मी या वेळी घरात सरळ बोलले की उरलेलं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, नाहीतर डब्यात भरून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी ज्याला पहिली भूक लागेल त्याने संपवायचं. आठ दिवस कुरकुर झाली. आता पोळ्याच मोजून होतात. सासूबाईंनी यात माझी बाजू घेतली हे मला मुद्दाम लिहायचंय, त्या म्हणाल्या आमचं आयुष्य गेलं असं खाण्यात, तू नको करूस.

सणावाराचं थोडक्यात. मोदक खाल्ले, दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर, तर ते मीठ आणि पाणी असतं बरंचसं, दीड किलो चरबी एका दिवसात चढत नाही. चार दिवस नेहमीचं खा, उतरतं. त्या दीड किलोला घाबरून महिनाभर काटाच बघायचा नाही यात खरा घोटाळा होतो. आणि उपवासाचं साबुदाणा-शेंगदाणा-बटाटा हे प्रकरण तुम्हाला माहीतच आहे.

औषधांबद्दल पण विचारतात. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन कमी करायची इंजेक्शनं भारतात आली. कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेत असेल तर त्याला "शॉर्टकट मारला" म्हणून हिणवू नका. वेगोवीत जे सेमाग्लुटाइड असतं ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे तिथेही टिकवण्याचा प्रश्न आहेच. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणू नका एवढंच. आणि परत सुरू करायच्या आधी थायरॉईड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या, कुठली गोळी चालू असेल तर तिने वजन वाढतं का ते डॉक्टरांना विचारा.

अजून एक. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, किमान साडेतेरा किलो उतरवून एक वर्ष तरी टिकवलेल्या लोकांची, हजारो लोक आहेत त्यात. त्यातल्या बहुतेकांनी आधी प्रयत्न केले होते आणि ते फसले होते. रोज तासभराच्या आसपास व्यायाम, आठवड्यातून एकदा तरी वजन बघणं, असं त्यांचं साधंच चाललेलं असतं. आपण ज्यांना जमलं असं म्हणतो ते लोक पण आपल्यासारखेच परत सुरू केलेले आहेत हे मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

माझ्या या सगळ्यात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे शिफ्ट. माझी चुलत बहीण नर्स आहे, आठवड्याला ड्युटी बदलते, तिला सकाळ म्हणजे काय हेच ठरलेलं नाही, बूट दाराशी ठेवून तिला काय उपयोग? तिचं पण वजन परत आलंय आणि तिला काय सांगावं ते मला कळत नाहीये. नाईट शिफ्ट करणाऱ्यांपैकी, नर्स असोत, एमआयडीसीतले असोत, आयटीवाले असोत, कुणी परत उतरवून टिकवलं असेल तर खाली लिहा. किती किलो उतरले ते नाही लिहिलं तरी चालेल, झोप आणि जेवण कोणत्या वेळेला बसवलं तेवढं लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.