शिफ्टचा विषय निघाला की 'राजकारण नको' म्हणणाऱ्या माझ्या अँडोरप्रेमी मित्रांसाठी

'अँडोर' ही डिस्नीची 'स्टार वॉर्स' मालिका, जुलमी साम्राज्याविरुद्धच्या बंडाची गोष्ट. तिचा दुसरा सीझन आला तेव्हा आमच्या मशीनशॉपमधल्या निम्म्या पोरांच्या स्टेटसला तिचा नायक कॅसियन होता. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच पोरांच्या ग्रुपवर मी राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाची बातमी टाकली. कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास. लगेच उत्तर आलं, "मर्दा, ग्रुपवर राजकारण नको." त्यावर धडाधड अंगठे.

मला ते लागलं. कारण ज्या मालिकेवर ही पोरं जीव टाकतात, तिच्यातला सगळ्यात जबरदस्त भाग बारा तासांच्या शिफ्टवरच आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नारकिना ५ हा पाण्याच्या मधोमध बांधलेला तुरुंग. पहारेकरी मोजकेच, कारण पायाखालची फरशीच विजेची आहे. कैदी अनवाणी. एका टेबलावर सात माणसं, एका खोलीत सात टेबलं, आणि दिवसभर एकच सुटा भाग जोडत राहायचं. तो भाग कशाचा आहे हे कुणी सांगत नाही. शिफ्ट संपली की आकडे लागतात. पहिल्या आलेल्या टेबलाच्या जेवणाला चव मिळते, शेवटच्या टेबलाला शॉक. खोलीचा मुकादम किनो लॉय स्वतः कैदीच, पण शिक्षेचे थोडेच दिवस राहिलेत म्हणून तो बाकीच्यांवर ओरडून काम काढून घेतो. मग एक दिवस कळतं की शिक्षा संपलेल्याला सोडत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर नेऊन परत टेबलाला लावतात. ते समजल्यावर किनोचा चेहरा बघा. अँडी सर्किसने त्या एका मिनिटात मुकादमाचा माणूस केलाय.

आता आमच्याकडचं ऐका. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला एका युनिटमध्ये क्वालिटीला आहे. कंत्राटी पोरगं भरती होतं आणि व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन, चालवायला लागतं, पर्मनंट ऑपरेटरच्या शेजारच्याच मशीनवर. जॉब तोच, ड्रॉइंग तेच, टॉलरन्सही तोच, आणि माझा रिजेक्शनचा शिक्का दोघांना सारखाच. सात महिने होत आले की सुपरवायझर सांगतो, "तुझा ब्रेक आलाय." कारण सलग २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क मागता येतो. मग थोडे दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत त्याच गेटमधून आत यायचं. एका पोराने मला पाकिटातून त्याचे जुने गेटपास काढून दाखवले. सगळ्यांवर फोटो एकच, दाढीसुद्धा तशीच. कंत्राटदाराचं नाव तेवढं दर वेळी वेगळं, आणि रुजू झाल्याची तारीख दर वेळी नवी. स्पिंडलचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे सांगणारा पोरगा कागदावर कायम नवखा. हे नारकिनाचं दुसऱ्या मजल्यावर नेणं नाही तर काय आहे?

बारा तासांच्या निर्णयात सरकार म्हणतं की आठवड्याचे ४८ तास तेच राहतील आणि जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल. तिमाहीची ओव्हरटाइमची मर्यादा मात्र ११५ तासांवरून १४४ वर नेली. ज्याचा ब्रेक सुपरवायझरच्या हातात आहे, तो त्या संमतीच्या कागदावर 'नाही' लिहील? पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांच्यात विरघळले. सगळ्यांना नियुक्तीपत्र द्यावं लागणार, ही त्यातली चांगली गोष्ट, ती मी मान्य करतो. पण कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, ती आता ३०० पासून लागणार. गोकुळ शिरगाव, शिरोली, उद्यमनगर फिरून या आणि तीनशे पर्मनंट माणसं असलेली युनिट्स किती दिसतात ते बघा. बहुतेकांसाठी परवानगीचा प्रश्नच मिटला.

हे सगळं राजकारण आहे. आणि 'अँडोर'सुद्धा राजकारणच आहे. बनवणाऱ्याने ते लपवलेलं नाही. पहिल्या सीझनमध्ये साम्राज्याच्या पगाराची तिजोरी लुटतात, ती कल्पना टोनी गिलरॉयला १९०७ साली तरुण स्टालिनच्या गटाने तिफ्लिसमध्ये टाकलेल्या बँकेच्या दरोड्यावरून सुचली. हे त्याने मुलाखतीत स्वतः सांगितलंय. म्हणजे साय-फायला राजकारण मी चिकटवत नाही, ते आतच आहे. लेझर आणि यानं बघायची आणि तेवढंच सोडून द्यायचं, यात त्या कलेचाच अपमान आहे असं मला वाटतं.

जॉन कारपेंटरच्या 'दे लिव्ह'चं असंच झालं. १९८८ चा सिनेमा. हातात हत्यारांची पिशवी घेऊन काम शोधत आलेला मजूर बांधकामावर लागतो, झोपडवस्तीत राहतो, आणि त्याला एक काळा चष्मा सापडतो. चष्मा घातला की जाहिरातींच्या फलकांवर खरे हुकूम दिसतात: आज्ञा पाळा, खरेदी करा, झोपून राहा. नोटेवर लिहिलेलं असतं, हाच तुझा देव. लोकांना हे लक्षात राहतं. मला त्याआधीचा एक साधा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. त्याचा सोबती फ्रँक सांगतो की पोलाद कंपन्या अडचणीत होत्या तेव्हा कामगारांनी पदरचं सोडलं, आणि वर आल्यावर मालकांनी स्वतःचेच पगार वाढवून घेतले. फौंड्रीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य समजवावं लागत नाही.

आणि याच फ्रँकला तो चष्मा घालायचा नसतो. त्यासाठी दोघं मित्र गल्लीत पाच मिनिटांहून जास्त वेळ एकमेकांना बडवतात. पहिल्यांदा बघताना ती मारामारी उगाच ताणलेली वाटते. मला आता वाटतं, सिनेमाचा कणा तोच आहे. फ्रँक मूर्ख नाही. घरी बायकापोरं आहेत, नोकरी टिकवायची आहे, म्हणून त्याला दिसायलाच नको आहे. "ग्रुपवर राजकारण नको" म्हणणारा माझा मित्रही मूर्ख नाही. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. त्याला भित्रा म्हणून आम्हा डाव्यांचं एक पाऊलही पुढे पडणार नाही.

याच सिनेमावरून काही नवनाझी लोकांनी वेगळाच अर्थ काढला, की चष्म्यातून दिसणारे, माणसांच्या वेशात राज्य करणारे परग्रहवासी म्हणजे ज्यू. शेवटी २०१७ मध्ये कारपेंटरला जाहीर सांगावं लागलं की सिनेमा मोकाट भांडवलशाहीवर आहे आणि असा अर्थ लावणं ही निव्वळ निंदा आहे. मालक कोण हे सांगायचं टाळलं की लोक शेजाऱ्याकडे बोट दाखवायला लागतात. आपल्याकडे हे रोज चाललंय. नोकरी कुणामुळे नाही, तर म्हणे दुसऱ्या जातीमुळे, दुसऱ्या धर्मामुळे. २६ जुलै १९०२ ला ज्या शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्यांच्या गावात हे ऐकावं लागतं.

टेरी गिलियमचा 'ब्राझील' (१९८५) सुद्धा मी पोरांना बघायला लावतो. छापयंत्रात एक माशी पडते, वॉरंटवर टटल या नावाचं बटल होतं, आणि भलत्याच माणसाला पोलीस उचलून नेतात. बायकोच्या हातात पावती देतात. आमच्याकडे मोल्डिंगला काम करणाऱ्यांची बोटं वाळूने इतकी घासलेली असतात की रेशनच्या मशीनवर ठसा उठत नाही. माणूस समोर उभा आहे, दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखतो, तरी मशीन म्हणतं की हा तो नव्हे. असा खेटे मारणारा माणूस पाहिला असेल तर 'ब्राझील' कल्पनारम्य वाटत नाही.

आता घोरमन. 'अँडोर'च्या दुसऱ्या सीझनचा गाभा. कापड विणणाऱ्या लोकांचा ग्रह, आपल्या इचलकरंजीसारखा धोट्यावर जगणारा. साम्राज्याला त्यांच्या जमिनीखालचं खनिज हवंय. पण सैन्य शेवटी येतं. त्याआधी काही वर्षं बंद खोलीत बसून ठरवतात की घोरमनचे लोक उर्मट आहेत, स्वार्थी आहेत, अशा बातम्या पसरवायच्या. म्हणजे पुढे चौकात गोळ्या चालल्या तर बाकीच्या आकाशगंगेला वाईट वाटणार नाही. आपल्याकडे घोरमन घडलंय असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण पहिली पायरी ओळखीची आहे. पवनार ते पत्रादेवी असा १२ जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग आला, आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि लगेच 'विकासविरोधी' हे बिरुद तयार. बागायती जमीन, विहीर, कर्ज काढून टाकलेली पाइपलाइन, यावर बोलायची गरजच उरली नाही.

जुलै २०२५ मध्ये विधानसभेने आणि विधान परिषदेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. रोख 'कडव्या डाव्या' संघटनांवर. विधानसभेत माकपचे आमदार विनोद निकोले विरोधात उभे राहिले, तिथे बाकी विरोधी पक्षांचा आवाज ऐकू येण्याइतकाही नव्हता. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले शब्द येतात, लिहिलेले येतात, खुणा येतात, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणंही येतं. कोल्हापूरकरांनो, आपण टोल दिला नव्हता. वय झालेले शेकापचे नेते एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले होते आणि अख्खं शहर टोल देणार नाही म्हणून त्यांच्यामागे उभं राहिलं होतं. ती अवज्ञाच होती, टोल त्यामुळेच गेला. आणि ज्या गावात कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावात धोका कुणाकडून आहे हे विधेयकाने आम्हाला शिकवावं?

यावर दोन्हीकडून आक्षेप येतात. मित्र म्हणतात, डिस्नी काय क्रांती करणार आहे का? नाही करणार. २४ भागांवर ६५ कोटी डॉलर घालणारी कंपनी ते वसूल करायलाच बसलीय. पण बनवणारे, लिहिणारे, सेट उभा करणारे कामगारच आहेत, आणि त्यांनी मालकाच्या पैशातून मालकाबद्दलचं सत्य सांगून घेतलं, याचा मला आनंद आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच कॉम्रेडचा. "हे पोरांचे खेळ, परदेशी करमणूक. ह्यात कशाला वेळ घालवायलाईस?" त्यांना मी नम्रपणे सांगतो की याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात गिरणी कामगार होतो, ही गोष्ट त्यांनी शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर आणली, तीही मूकपटात. जयंत नारळीकर याच गावात जन्मले, मराठीत विज्ञानकथा घराघरात नेणारा माणूस. आपल्या मातीत दोन्ही गोष्टी आहेत. फौंड्रीतल्या रोबोटने घेतलेली नोकरी, साखर कारखान्याचा सेन्सरवर चाललेला काटा, फोनमधल्या ॲपकडून मिळणारं काम, यावर मराठीत विज्ञानकथा का येऊ नये? सभेला वीस माणसं येतात म्हणून खंत करण्यापेक्षा ज्या पडद्याकडे पोरं रात्री दोनपर्यंत बघतात, त्या पडद्याबद्दल बोलायला शिकू या.

सगळंच चांगलं आहे असं नाही. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) डोळे दिपवतो, पण शेवटी मालकाचा मुलगा मालकाचा आणि फोरमनचा हात एकमेकांच्या हातात देतो आणि गोष्ट मिटते. पगाराचं काय, तासांचं काय, काही नाही. लांगला स्वतःलाही पुढे तो शेवट पटला नाही.

त्यापेक्षा 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'मधला 'बार असोसिएशन' (१९९६) हा भाग बघा. बारमधला रॉम आजारी पडतो, रजा मिळत नाही, म्हणून तो नोकरांची युनियन काढतो आणि मालक असलेल्या सख्ख्या भावाला चक्क कम्युनिस्ट जाहीरनाम्यातली ओळ ऐकवतो. शेवटी मागण्या मान्य होतात, पण भाऊ गळ घालतो की बाहेर दिसायला युनियन मोडलेली दिसू दे. हा शेवट 'मेट्रोपोलिस'पेक्षा कितीतरी खरा आहे. वाटाघाटीला बसलेल्या कुणालाही विचारा.

'अँडोर' पूर्ण बघायला वेळ नसेल तर पहिल्या सीझनचे आठ, नऊ आणि दहा हे तीन भाग बघा. आणि ज्यांना ब्रेक मिळतो त्यांनी प्रत्येक गेटपासचा, पगारपत्रकाचा, पीएफ पासबुकाचा फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा. नवा पास देताना जुना जमा करून घेतात, त्याआधीच काढा. सलग काम केलंय हे कामगार न्यायालयात दाखवायची वेळ आली तर हीच कागदं लागतात. संमतीचा फॉर्म समोर आला तर त्याचाही फोटो काढा, सही करण्याआधी चौघांनी मिळून वाचा, आणि मला इनबॉक्सला कळवा.